नाटकाच्या प्रॉम्प्टरला कॉपी पुरवणारा ठरवल्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
वैनतीर अभिमत विद्यापीठ, परीक्षा विभाग.

अर्जदार: नूतन श्रावण खोब्रागडे, बी.ए. तृतीय वर्ष, तथा एम.ए. (कला व्यवस्थापन) त्वरित अभ्यासक्रम, मु. खैरटोला, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर.

विषय: प्रात्यक्षिक परीक्षेतील 'सामूहिक कॉपी'चा ठपका रद्द होऊन दोन्ही पदव्यांचे निकाल मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या गैरप्रकार समितीचा अर्जदारास दोषी ठरवणारा आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार बी.ए.ला असतानाच आपल्या विद्यापीठाने जाहिरात काढली, की पदवी शिकता शिकताच पदव्युत्तरचे पेपर द्या आणि वर्ष वाचवा. अर्जदाराला घाई होतीच. तिने प्रवेश घेतला. काही पेपर दोन्ही पदव्यांत धरले जातात, म्हणजे पास झाली तर दोन्हीकडे पास आणि अडकली तर दोन्हीकडे अडकली, एवढी एकच गोष्ट जाहिरातीत छापायची राहून गेली होती. अर्जदार सध्या दोन्हीकडे अडकलेली आहे.

२. प्रात्यक्षिकासाठी एका कलाप्रयोगाचे संपूर्ण नियोजन करायचे होते. अर्जदाराने गावच्या मंडईत, म्हणजे सुगीनंतरच्या जत्रेत, वडसा गावच्या नाटक कंपनीचे नाटक ठेवले. धान निघाले, मंडई भरली, की आमच्याकडे नाटक होते, हे आपणांस ठाऊक असेलच. नसल्यास कला व्यवस्थापन शिकवता कसे, हा प्रश्न अर्जदार येथे उपस्थित करू इच्छित नाही.

३. या नाटकाची पद्धत अशी, की नट चार गावांहून त्याच दिवशी येतात, तोंडाला रंग लावतात आणि उभे राहतात. तालीम नसते. रोज नवे गाव, बरेचदा नवे नाटक. पाठ कोण करणार? म्हणून प्रॉम्प्टर स्टेजच्या पुढ्यात पुस्तक घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य आधी सांगतो. नट ते उचलतो आणि त्यात जीव ओततो. खैरटोल्यात हे काम मुखरूभाऊ करीत होते. पुढच्या खुर्च्यांवरच्या मंडळींना एकाच तिकिटात नाटक दोनदा ऐकू येते, पण आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

४. मा. बहिःस्थ परीक्षकांनी केली. पहिला अंक त्यांनी खाली मान घालून लिहिण्यात घालवला. दुसऱ्या अंकात नायिकेची आई मरते, बायाबापड्या पदर डोळ्याला लावून बसतात, नेमके तेव्हा साहेब उठले, पुढे आले आणि त्यांनी मुखरूभाऊंच्या हातातून पुस्तक हिसकावले. परीक्षा चालू असताना बाहेरचा माणूस उत्तरे सांगतो म्हणजे काय, असे ते गरजले. अहो, परीक्षा अर्जदाराची होती, नायिकेची नव्हती! मुखरूभाऊ एवढेच म्हणाले, "साहेब, मी तं जलमभर हेच करून राह्यलो. मले कोनी चोर नाई म्हनलं." ते ऐकून अर्जदाराला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

५. इकडे स्टेजवर नायिका आईचे डोके मांडीवर घेऊन गप्प. वाक्यच येईना. शेवटी मेलेल्या आईला, म्हणजे बायनाबाईंना, राहवले नाही. जुनी जाणती बाई ती. तिने एक डोळा उघडला आणि म्हणाली, "अवं, मेल्यावरबी मीच सांगू का तुले? 'माय, मले सोडून कुठी चालली' म्हन ना!" मांडवात अशा टाळ्या पडल्या, की विचारू नका. परीक्षकांनी मात्र अहवालात लिहिले: "मयत व्यक्तीकडूनही परीक्षार्थींना तोंडी मदत." हे वाक्य आपल्या सही-शिक्क्यानिशी अर्जदाराच्या घरी आले, तेव्हा तिच्या बाबांनी ते शेजाऱ्यांना वाचून दाखवले आणि मग कोणी हसेना म्हणून स्वतःच दार लावून घेतले. दोन पदव्या एकदम येणार, असे त्यांनी गावभर सांगून ठेवले होते.

६. त्यानंतर गैरप्रकार समितीपुढे सुनावणी झाली. अर्जदाराने साक्षीदार म्हणून मुखरूभाऊंना नेले. जागा कमी म्हणून त्यांना समितीच्या मा. अध्यक्षांच्या अगदी डाव्या हाताला खुर्ची मिळाली. मा. अध्यक्ष नियमावली वाचू लागले आणि तिसऱ्याच ओळीत अडखळले. चष्मा गाडीत राहिला होता. समोर छापील कागद आणि शेजारी अडलेला माणूस, मग मुखरूभाऊंनी काय करावे? सवयीप्रमाणे त्यांनी हळू आवाजात पुढचे वाक्य सांगितले. मा. अध्यक्षांनी ते उचलले आणि भारदस्तपणे म्हटले. मग पुढचे. मग त्याच्या पुढचे. परीक्षार्थीस तोंडी मदत करणे हा गंभीर गुन्हा आहे, हे संपूर्ण कलम मा. अध्यक्षांनी अशा तऱ्हेने, मुखरूभाऊंच्या तोंडून ऐकत ऐकत, सभागृहास ऐकवले. कोणाही सदस्याला त्यात वावगे दिसले नाही. उलट एकाने मान डोलावली.

७. "अर्जदार दोषी आहे," हे शेवटचे वाक्य मात्र मुखरूभाऊंनी सांगितलेले नाही. ते कागदावर नव्हतेच. ते मा. अध्यक्षांच्या उजव्या कानात सांगितले गेले, आणि त्या बाजूला तक्रारदार परीक्षक स्वतः बसले होते. अर्जदाराने हे डोळ्यांनी पाहिले. तिला राग आला, आजही आहे, आणि तो या अर्जातून वगळण्याची तिची इच्छा नाही.

८. सबब विनंती की, आमच्या नाटकातली रीत ही कॉपी नव्हे असे मान्य करून अर्जदाराचे दोन्ही निकाल जाहीर करावेत आणि मुखरूभाऊंचे पुस्तक त्यांना सन्मानाने परत करावे. ती कॉपीच आहे असे आपले मत कायम असल्यास, मा. अध्यक्षांवरही त्याच कलमाखाली, त्याच शिक्षेसह गुन्हा नोंदवावा. दोन्हींपैकी आपणांस जे कमी लाजिरवाणे वाटेल ते करावे, अर्जदाराची हरकत नाही.

उत्तराची वाट पाहणारी, नम्र पण गप्प न बसणारी,

(सही)
नूतन श्रावण खोब्रागडे
खैरटोला, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत: सुनावणीचे चित्रीकरण, जे विद्यापीठाने पारदर्शकतेसाठी स्वतःच्याच पानावर टाकले आहे. परीक्षकांचा आवाज स्पष्ट येतो.