खोलीतल्या पिशव्या

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठणठणीत आहे, तुझ्या दादाचा गुडघा तेवढा सोडून. रविवारी तू फोनवर तुझ्या खोलीचं विचारलंस आणि त्याचं उत्तर अर्धवटच राहिलं, म्हणून लिहायला बसले. तुझ्या दादाला काहीही विचारलं तरी त्याच्या डोक्यात जे चाललेलं असतं त्याचंच उत्तर मिळतं. तेव्हा आता वहिनीकडून ऐक, आणि नेहमीसारखी अर्ध्यात उठून जाऊ नकोस.

छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा माणूस घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. माझ्या मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावून झाली, ती चुकली म्हणून काढून झाली. मग वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी त्यांच्या बाल्कनीत पिशवीतून उगवलेली अळंबी दाखवली आणि याच्या अंगात संचारलं. दुसऱ्या दिवशी गव्हाच्या काडाचं पोतं दारात. पत्रा कापायच्या कात्रीनं ते काड बसल्या जागी बोटबोट लांबीचं कापत राहिला. चहात काड, अंथरुणात काड, आणि माझ्या चष्म्याच्या घरात काय निघालं ते सांगायला नको.

कापलेलं काड रात्रभर भिजत घालायचं आणि मग मोठ्या टोपात गरम पाण्यात ठेवायचं, म्हणजे त्यातले नको ते जंतू मरतात. पाणी चांगलं कढत हवं, पण खळखळ उकळता कामा नये. ते मोजायला तुझ्या दादानं काय करावं? आपला तापाचा थर्मामीटर टोपात बुडवला. तो बिचारा एकदाच किंचाळल्यासारखा वाजला आणि गेला. वर मलाच विचारतो, हा आधीपासूनच बिघडलेला होता का गं? घरभर ओल्या गोठ्याचा वास. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका दोनदा येऊन विचारून गेले, काही जळतंय का.

एवढं करून पहिली खेप वाया गेली. यानं काड नीट निथळू न देताच पिशवीत भरलं, थरांमध्ये अळंबीचं बी पेरलं, पिशवीला भोकं पाडली आणि रोज जाऊन टॉर्चनं बघत बसला. आत पांढरे धागे पसरायला हवे होते, त्याऐवजी काळं पाणी साचलं आणि अशी दुर्गंधी सुटली की बोलायची सोय नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. अळंबीसाठी माणूस उपाशी राहतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. नर्सबाई म्हणाल्या, काड मुठीत घट्ट दाबायचं. तळहात ओला व्हायला हवा, पण थेंब गळता कामा नये. दादाला ते काही केल्या जमेना, एकतर तो पार कोरडं करायचा नाहीतर ठिबकतं ठेवायचा. रोज कणीक मळणाऱ्या माझ्या हाताला मात्र ते लगेच कळलं. त्यामुळे काड पिळायचं खातं आता माझ्याकडे आहे, आणि साहेब नुसती देखरेख करतात.

तर तुझी खोली. त्या पिशव्यांना अंधार लागतो आणि गारवा लागतो. तुझी खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते, म्हणून दादानं तीच खोली धरली. तुझ्या कपड्यांच्या दांडीला पिशव्या टांगल्या. मी कुरकुरले, पण अडवलं नाही, हे खरं. मला वाटलं, तू येतेस ती दोन दिवसांची पाहुणी म्हणून, आणि तेव्हाही घड्याळाकडे बघत.

रविवारी मी शेजारीच काड पिळत बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. तू विचारलंस, माझी खोली रिकामी आहे का. आणि तुझा दादा सुटलाच. पिशव्या किती छान भरल्यात, धागे कसे पसरलेत, खोलीत आता पाय ठेवायलाही जागा नाही, हे सगळं कौतुकानं सांगितलं. तू म्हणालीस, छान, सहजच विचारलं. दादानं खुशीत फोन ठेवला. मी मात्र मूठ आवळून तशीच बसले. भिंगरी, तू जन्मात कधी काही सहज विचारलं नाहीस. मीठ मागितलंस तरी भाजीत काय कमी आहे यावर भाषण देतेस.

आणि मला तुमच्याकडची ती दुपार आठवली. मी चहा करायला उठले आणि तुला विचारलं, साखर किती घालू. तू आधी तुझ्या नवऱ्याकडे बघितलंस आणि मग सांगितलंस. दिवसभर तुझं प्रत्येक वाक्य तो हसत हसत दुरुस्त करत होता आणि तू मान डोलावत होतीस. तू, जिच्या तोंडाला लागायला अख्खी गल्ली घाबरायची! परत येताना गाडीत मी दादाला काही बोलले नाही. आपल्याला काय कळतंय त्यांच्यातलं, असं स्वतःलाच समजावलं. पण ती साखर काही डोक्यातून गेली नाही.

फोननंतर मी दादाला सगळं सांगितलं. त्यानं हातातली टॉर्च खाली ठेवली. मग एवढंच म्हणाला, "म्हणजे मी तिला जागा नाही म्हणालो?" आणि उठला. धागे धरत असताना पिशव्या हलवू नयेत म्हणतात, पण त्यानं एकेक पिशवी लेकरासारखी दोन्ही हातांवर घेऊन आमच्या खोलीत नेली. गुडघा दुखत होता, तरी मला हात लावू दिला नाही. आता आमच्या पलंगाभोवती अळंबी आहे आणि रात्री पाणी प्यायला उठायचं तर तिरकं चालावं लागतं. तुझी खोली दोनदा पुसली, खिडकी उघडी ठेवलीय. गोठ्याचा वास थोडा आहे अजून, जाईल.

तुला आठवतं का, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी पेटी कितीतरी दिवस दाराआड पडून होती? जागा मागायची कुणाकडे, हेच मला कळत नव्हतं. तू शाळेतून आलीस आणि तुझ्या कपाटातले दोन खण पलंगावर उपडे केलेस. म्हणालीस, दादाच्या कपाटात ठेवशील तर तुझ्या साड्यांना शाईचा वास लागेल. मला तोंड उघडावं लागलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मी मोरीत जाऊन रडले होते, आनंदानं.

हे पत्र तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर धाडतेय, कारण घरी तुझी पत्रं आधी कोण फोडतं ते मी पाहिलंय, आणि फोनवर तो शेजारी बसलेला असतो. पाकिटात आपल्या दाराची किल्ली आहे, ती दुकानातच ठेव. दोन दिवसांसाठी ये, नाहीतर कायमची ये. दिवसा ये, रात्री ये, सामान घेऊन किंवा हात हलवत ये. आम्ही दोघं तुला काहीही विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर रात्रभर ऐकत बसू. आणि बाहेरचं कुणी विचारलंच, अशी अचानक कशी आली म्हणून, तर मी सांगेन, काड पिळायला घरात माणूस कमी पडत होतं, मीच बोलावून घेतलं.

वाट बघणारी, तुझीच
वहिनी