बाबांची दहाची फेरी

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो कागदावरच, प्रत्यक्षात मान तेवढी लवते.) तुझा रक्तदाब, वहिनींची सर्दी आणि तुमच्या कुत्र्याचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते.

तुला आठवतं का, रोज संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात बसून तुझे, माझे आणि स्वतःचे बूट पॉलिश करायचे आणि ब्रशाच्या तालावर उद्याच्या वाटपाची घरं पुटपुटायचे? शिंपी, दातांचे डॉक्टर, कोळशाची वखार, बेकरी. पोस्टमनची लेक मी, मला कित्येक वर्षं ती प्रार्थनाच वाटायची. शाळेत सिस्टरनी 'घरी म्हणता ती प्रार्थना म्हणा' म्हटलं, तेव्हा मी हात जोडून, डोळे मिटून शिंप्यापासून बेकरीपर्यंत सगळी म्हटली आणि शेवटी 'आमेन' लावलं. घरी येऊन सांगितलं तर तुझ्या नाकातून दूध आलं होतं.

आता मुद्द्यावर येते. ठरलं होतं ते असं, की महिनाअखेरच्या चाचणीत बाबांना तीसपैकी पंधरा गुण मिळाले तर ते माझ्याकडे राहतील, नाहीतर तुमच्या गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात तू राखून ठेवलेली खाट त्यांची. मी तसा शब्द दिला होता. चाचणी परवा झाली. पण निकालाआधी तयारी कशी झाली ते ऐक.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हा शब्द उच्चारला आणि आठवड्यातून दोनदा एक बाई बाबांच्या मेंदूला व्यायाम द्यायला येऊ लागल्या. (आम्ही त्यांना व्यायामबाई म्हणतो. त्या स्वतः एवढ्या गुबगुबीत आहेत की नाव ऐकून पाहुणे चकतात.) पहिल्या दिवशी विरुद्धार्थी शब्द झाले. 'उघडे'च्या विरुद्ध काय, तर बाबा म्हणाले, 'जेवणाची सुट्टी.' बाईंनी चूक दिली. पोस्टात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं यात काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मग त्यांनी अठ्ठेचाळीस पुठ्ठ्याची कार्डं काढली, प्रत्येकावर एकेक शब्द. प्राणी एकीकडे, फळं एकीकडे, वाहनं एकीकडे, असे ढीग करायचे. बाबांनी गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला, अंगठा ओला केला आणि कार्डं अशी भराभर लावली की आम्ही दोघी बघत राहिलो. पण सफरचंदाशेजारी वाघ, वाघाशेजारी सायकल, काही संगतीच लागेना. बाई हळूच म्हणाल्या, फार पुढे गेलंय हो. आम्ही चहा ठेवायला आत गेलो आणि बाहेर आलो तर बाबा नाहीत, बूट नाहीत, कार्डंही नाहीत.

मी तशीच स्वयंपाकघरातल्या सपातांवर धावले, मागून व्यायामबाई (त्यांच्या आयुष्यातला तो पहिलाच व्यायाम असावा). बाबा तिसऱ्या इमारतीत सापडले. ते हरवले नव्हते, वाटप करत होते. ढीग त्यांनी लावले होते ते घरांप्रमाणे. तोवर अकरा दारांच्या फटींतून अकरा कार्डं आत गेली होती.

पुढची हकिकत तुला पटणार नाही. आमचा नळवाला तीन आठवडे 'आज येतो' म्हणत होता. त्याच्या दारात 'कासव' पडलं, आणि तो त्याच दुपारी पाना घेऊन हजर. इमारतीच्या सेक्रेटरींना मात्र 'गाढव' मिळालं. ते कार्ड नाचवत आले, हे कोणी लिहिलं म्हणून. बाबा शांतपणे म्हणाले, 'साहेब, पत्रं मी लिहीत नाही. मी फक्त पोचवतो.' सेक्रेटरी कार्ड खिशात घालून परत गेले. (सभासदांपैकीच कुणीतरी लिहिलं असणार, असा त्यांचा समज झाला, आणि तो मी दूर केला नाही. पूर्वी अशा गोष्टी शनिवारी चर्चमध्ये फादरांपाशी कबूल करायचे, आता तुलाच करते.)

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या 'पोपट'च्या मागे चार ओळी लिहून कार्ड बाबांच्या हाती दिलं, नळवाल्याला पोचवा म्हणून. नळवाल्याने उत्तर दिलं. आता रोज दहाची फेरी असते. बाबा आठलाच दाढी करून तयार. मी दहा पावलं मागे, छत्री घेऊन, आपला संबंध नाही असं दाखवत. परवा त्यांनी स्वतः कंगवा मागितला, दादा. वर्षभरात काही मागितलं नव्हतं. व्यायामबाई आधी चिडल्या, मग घरी बसून साठ नवी कार्डं करून आल्या.

आता चाचणी. मी मागच्या खुर्चीवर होते. डॉक्टरांनी वार विचारला, मी हाताने मंगळवार दाखवायला गेले. (मंगळवार हाताने कसा दाखवतात, हे विचारू नकोस.) डॉक्टरांनी मला खोलीबाहेर काढलं. शाळेत बारा वर्षं एकदाही वर्गाबाहेर उभी राहिले नाही, ती एकसष्टाव्या वर्षी राहिले. दाराला कान लावला तेव्हा डॉक्टर विचारत होते, आजोबा, मघाशी मी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, ते कुठं गेले?

'दिले की,' बाबा म्हणाले. 'ज्याचे त्याला. पोस्टमननं स्वतःजवळ ठेवायचं नसतं.'

मी बाहेर उभी राहून हसले आणि मग थोडी रडले. कंपाउंडरने पाणी दिलं.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझी,
छोटी

ता. क. गुण अकरा. मागच्या वेळी तेरा होते. एवढं लांबलचक पत्र हा आकडा लिहावा लागू नये म्हणून लिहिलं, हे तू ओळखलंच असशील. मी दिलेला शब्द मोडते आहे. ती खाट दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. हवं तर माझ्याशी महिनाभर बोलू नकोस, पण बाबांना इथून हलवू नकोस.

आणखी ता. क. सोबत तीन कार्डं आहेत, बाबांनी स्वतः तुमच्या घरासाठी निवडलेली. 'साखर' वहिनींना द्यावं, 'विमान' नातीला, आणि 'मंत्री' कुत्र्याला. (मी काही सुचवलेलं नाही.) 'मुलगा' असं एक चौथं कार्ड आहे, ते पाठवत नाही. ते बाबांच्या खिशात असतं, झोपतानाही. मी म्हटलं, द्या, मी सही करून घेते. ते म्हणाले, रजिस्टर पत्र आहे, ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं, आणि तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, बहीण. तर म्हणाले, मग त्यांना निरोप द्या.

तो हा दिला. सकाळी दहाच्या आत ये, नंतर ते फेरीला निघतात. आणि ओळखपत्र बरोबर आण.