एका सुपातलं कडू-गोड बी

शनिवार, जेठ महिना, २००१

भास्करनं माह्या बी ठेवाच्या दोन्ही बांबूच्या पोंगळ्या कापल्या! पोरगा चाळिशीले आला, पण अक्कल नाई. घरी बनवलेल्या दोन स्पीकरच्या डब्यांतून हवा निघाले त्याले नळ्या पाहिजे होत्या. ओला बांबू बसवला, तो वाळून तडकला अन् खडखडाले लागला. मंग चुलीवर टांगलेल्या, धुरानं पक्क्या झालेल्या माह्या पोंगळ्याच काढल्या. एकीत गोड दुधीचं बी होतं, दुसरीत ज्या भोपळ्याचे पाणी ठेवाले तुंबे करतात त्याचं कडू. दोन्ही एकाच सुपात ओतलं.

"माय, आवाज तं आयक!"

आवाज जाड निघाला, खोटं काऊन लिहू? पण बी दिसाले सारखंच. पेरू का नको? पेरीनच. भाजी कडू निघाली तर सुनेनं मले विचारू नये. पहिला घास भास्करनं खायचा, अन् जबाबही त्यानंच द्यायचा.