तीन नंबरची बस आणि माझी नियमावली

९ जानेवारी, मंगळवार. सकाळी सव्वासहा.
आजपासून रोज लिहिणार. काल शाळा बोर्डाच्या बैठकीत राजधानीहून आलेला नवा कायदा वाचून दाखवला. प्रत्येक बोर्डाने एक जुलैच्या आत तीन गोष्टींचे लेखी नियम करायचे: मुलांचा पोशाख, शाळेची खरेदी आणि मुलांची ने-आण. बाकीचे चौघे आपापल्या बुटांकडे बघत बसले. मी म्हटलं, मी लिहितो. ठराव पाच सेकंदांत मंजूर! अकरा वर्षं अध्यक्ष आहे, पण एवढा विश्वास प्रथमच पाहिला.

डोरीन, म्हणजे आमची बायको, सव्वीस वर्षं तीन नंबरची स्कूलबस चालवते. उत्तरेकडच्या खडीच्या रस्त्यांवरची नऊ मुलं. कॉफीचा थर्मास भरता भरता ती एवढंच म्हणाली, की काय लिहायचं ते लिही व्हर्लिन, माझ्या बसला हात लावू नकोस. मी शब्द दिला. शब्द म्हणजे शब्द.

२१ जानेवारी, रविवार.
रोज लिहायचं जमलं नाही. कामाचा रगाडा.
पोशाखावरच अडकलो आहे. हाफपँट किती आखूड चालेल? हात खाली सोडल्यावर बोटांची टोकं पोचतात तिथपर्यंत हवीच, असं लिहिलं. मग आरशासमोर स्वतःवर मोजून पाहिलं. माझे हात लांब असल्यामुळे हाफपँट गुडघ्यापर्यंत आली. म्हणजे नियम सुरक्षित आहे. डोरीन दारात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. कपड्यांची टोपली घेऊन खाली गेली.
टोपी आणि हूड बंद केले. जेवताना तिने विचारलं, की उणे वीस डिग्रीत पोरांनी डोक्यावर काय घ्यायचं, तुझा नियम? त्यात ‘इमारतीच्या आत’ हे दोन शब्द घातले. सूचना कोणाचीही असो, ऐकून घेतो. हा माझा मोठेपणा.

४ फेब्रुवारी, रविवार.
खरेदीचा नियम एका बैठकीत हातावेगळा केला. आमच्या बोर्डावर डेल व्हर्बका आहे, टायरवाला. शाळेच्या पाचही बसना टायर त्याच्याच दुकानातून जातात आणि त्या ठरावाला पहिला हात त्याचाच वर. मी लिहिलं: कोणत्याही विषयात सदस्याच्या घरच्या माणसाचा फायदा असेल, तर त्या सदस्याने मत देऊ नये, खोलीबाहेर जाऊन बसावं. नाव घेतलं नाही. कोणाला उद्देशून आहे ते शेंबडं पोरही सांगेल.

११ फेब्रुवारी, रविवार. दुपार.
ने-आण. इथे डोकं चालवलं. राजधानीवाल्यांना आकडा हवा असतो, म्हणून आकडा दिला: आठपेक्षा कमी मुलं असतील तर ती बस बंद. तीन नंबरला नऊ मुलं आहेत. दोन नंबरला सहा, आणि ती चालवतो डेलचा जावई. मी डेलच्या जावयाविरुद्ध नाही. आकडा विरुद्ध आहे.
डोरीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आठ का? चार का नाही? मी म्हटलं, चार म्हणजे नियम आहे असं वाटत नाही. ती म्हणाली, नऊ आणि आठात एकाच पोराचं अंतर आहे रे. बायकांना धोरण समजावणं कठीण.

१७ फेब्रुवारी, शनिवार.
काल अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शुक्रवारचा मासळीचा बेत होता. ताट घेऊन मार्लिस एंग्डालच्या शेजारी बसलो. ती बोर्डावर आहे, निवृत्त संगीत शिक्षिका. तेवढ्यात टेरीही येऊन बसला, तोही बोर्डावर. म्हटलं योग चांगला आहे. कोबीचं सॅलड संपेपर्यंत तिन्ही नियम समजावले, दोघांनी माना हलवल्या. पाचांपैकी तीन मतं खिशात! राजकारण म्हणतात ते हेच.
आता दररोज अर्धा तास चालायचं ठरवलं आहे. सोमवारपासून.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार.
गावाच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर मी. फोटो मासा खाताना.
पाठीमागच्या टेबलावर संपादक विल्मा डुसेक बसली होती, आणि तिने सगळं टिपून घेतलं. पाच जणांच्या बोर्डातले तिघं एकत्र बसून शाळेचं बोलले, की ती कायद्याने बैठक होते. तिची आधी नोटीस लावावी लागते, दारं जनतेला उघडी ठेवावी लागतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गेल्या वर्षी नव्या सदस्यांना मीच शिकवलं होतं. पण तिसरा माणूस ताट घेऊन आपणहून येऊन बसला तर मी काय उठून पळायचं होतं? आणि दारं उघडीच होती. सगळं गाव आत जेवत होतं.
विल्माला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, छान वाक्य आहे, पुढच्या अंकात घेते.

१२ मार्च, मंगळवार.
जिल्ह्याच्या सरकारी वकिलाचं पत्र. ताकीद. सगळ्या बोर्डाने चार तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि नियमांवर उघड सुनावणी करायची. मार्लिस म्हणाली, पुढच्या शुक्रवारी मी चर्चच्या तळघरात जेवेन, तू येऊ नकोस. गमतीत म्हणाली असावी.
चालणं अजून सुरू नाही. बूट चावतात.

९ एप्रिल, मंगळवार.
सुनावणी झाली. एरवी आमच्या बैठकीला जनता म्हणून फक्त विल्मा असते. काल व्यायामशाळेत खुर्च्या कमी पडल्या. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. हाफपँटवर दोन तास! एक बाई म्हणाली, अध्यक्षसाहेब, माझ्या मुलीचे हात लांब आहेत, तो काय तिचा गुन्हा? लोक टाळ्या वाजवत होते. बसच्या आकड्यावर एकही माणूस बोलला नाही. याचा अर्थ तो भाग लोकांना पटला आहे.
शेवटी डेल उठला. म्हणाला, व्हर्लिनचा नियम चोख आहे, माझी एकच दुरुस्ती: आठाच्या आकड्याला सूट द्यायची असेल तर बोर्डाने मत घेऊनच द्यायची. वशिला नको. टाळ्या. मीही वाजवल्या. माणूस बदलू शकतो.

१४ मे, मंगळवार.
नियमावली मंजूर. पाच विरुद्ध शून्य. डोरीनसाठी बेकरीतून खसखशीचे कोलाचे, म्हणजे तिच्या आवडीचे गोड पाव, आणले. तिने एक खाल्ला. म्हणाली, पोस्पिशिलांच्या घरावर विकण्याची पाटी लागलीय. मी म्हटलं, लागू दे, लोक पाट्या लावतात. मग लक्षात आलं, पोस्पिशिलांची दोन मुलं तीन नंबरच्या बसने येतात.

१८ जून, मंगळवार.
पोस्पिशिल गेले. ट्रकमध्ये सामान आणि दोन्ही मुलं. नवातून दोन गेले.
दोन नंबरच्या बसवर डेलच्या बहिणीची जुळी ऑगस्टपासून बालवर्गात येणार. सहा आणि दोन. त्याला हे एप्रिलमध्ये ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.
काळजीचं कारण नाही. सूट मागू. मार्लिस आणि टेरी नक्की आमच्या बाजूने, तिसरं मत माझं. डोरीनला तसं सांगितलं. ती बसची काच पुसत होती. पुसतच राहिली.

९ जुलै, मंगळवार. सकाळी.
काल बैठक होती. तीन नंबरला सूट द्यावी, असा ठराव मार्लिसने मांडला. मी हात वर करणार तोच डेल म्हणाला, अध्यक्षसाहेब, ती बस तुमच्या मिसेस चालवतात ना? घरच्या माणसाचा फायदा? मग नियमाप्रमाणे तुम्ही बाहेर बसा. अगदी प्रेमाने म्हणाला. दार त्यानेच उघडून धरलं.
बाहेर बाकावर बसलो. समोर शाळेच्या जुन्या ट्रॉफ्या. आतून दोन विरुद्ध दोन. बरोबरी म्हणजे ठराव पडला.
उत्तरेकडच्या सात मुलांना आता आईबापांनी खडीच्या रस्त्याने आणून सोडायचं. त्यात सात वर्षांची लॉटी हर्माक आहे, जिची आई पहाटे पाचपासून गाई दोहत असते. ती कशी सोडणार, हे नियमावलीत नाही.
घरी आलो. डोरीनला सांगायला शब्द जुळवत होतो. तिला विल्माचा फोन आधीच येऊन गेला होता. सव्वीस वर्षं, एवढंच म्हणाली. मग बसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, माझ्या ताटाशेजारी. मला वाईट वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण तिच्यासमोर बोललो तर तिला वाटेल मी चूक कबूल करतोय.

१ ऑगस्ट, गुरुवार.
शाळेच्या नोकरांना बोर्डाची निवडणूक लढवता येत नाही. डोरीन आता नोकर नाही. आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. तिने भरला. माझ्याच जागेसाठी.
विचारलं, हे काय? ती म्हणाली, अकरा वर्षं तुझ्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नाही, तूच म्हणायचास लोकशाहीत ते बरं दिसत नाही. खरं आहे. म्हणायचो.

१५ सप्टेंबर, रविवार.
अंगणात दोन पाट्या. माझी मोठी आहे. पोस्टमन म्हणाला, कुठल्या बाजूने पत्रं टाकू? लोकांना काहीही विनोद सुचतात.
डोरीन रोज सकाळी स्वतःच्या गाडीतून लॉटीला शाळेत सोडते. हा प्रचार नव्हे, असं ती म्हणते. घरात तिची लोकप्रियता वाढलेली मला चालते, शेवटी ती माझी बायको आहे.
माझा अंदाज: सत्तर विरुद्ध तीस, माझ्या बाजूने. अनुभवाला पर्याय नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार.
डोरीन २८७. मी ४४.
अनुपस्थितीही लक्षात घ्यायला हवी. अनेक अनुभवप्रेमी मंडळी मका काढण्यात गुंतली होती. मका मात्र गेल्या पंधरवड्यातच काढून झाला.
न्याहारीला डोरीनने अंडी केली. मी म्हटलं, चव्वेचाळीस तरी निष्ठावंत निघाले. ती म्हणाली, त्रेचाळीस. एक माझं होतं. मला वाटलं, तुला घरचं एक तरी पडावं.
मी कॉफीत साखर ढवळत राहिलो. मत गुप्त असतं. माझं कोणाला दिलं ते मी इथेही लिहिणार नाही. पण पेटीसमोर उभं असताना लॉटीच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता डोळ्यांपुढे आला, एवढं लिहितो.

१४ जानेवारी, मंगळवार.
डोरीनने शपथ घेतली आणि पहिलाच ठराव मांडला: आठाचा आकडा रद्द, तीन नंबरची बस परत सुरू. पाच विरुद्ध शून्य. डेलनेही हात वर केला. निवडणुकीचे आकडे त्यानेही वाचले असणार.
मग ड्रायव्हरचा प्रश्न आला. सदस्याला शाळेची नोकरी करता येत नाही, म्हणजे डोरीन बाद. जाहिरात दिली. अर्ज एक.
माझ्या नेमणुकीचा विषय निघाला तेव्हा ती माझ्याच नियमाप्रमाणे उठून बाहेर बाकावर जाऊन बसली. चार विरुद्ध शून्य. डेल म्हणाला, माणूस अनुभवी आहे. बस चालवण्याचा अनुभव आहे असं तो म्हणाला नाही.

३ मार्च, सोमवार. सकाळी साडेपाच.
परवाना मिळाला. चालवण्याची परीक्षा तिसऱ्या वेळी पास. परीक्षकाला लाल दिवा पिवळा वाटत नाही, याला माझा इलाज नाही.
आज पहिला दिवस. डोरीनने थर्मास भरून दिला. म्हणाली, हर्माकांच्या वळणावर सावकाश, तिथे बर्फ उशिरा वितळतो. बाकी काही सूचना नाहीत. गाऊनवर उभी राहून बस सुरू होईपर्यंत बघत होती. पहिल्यांदा सुरू झाली नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
सातही मुलं वेळेवर पोचवली. अकरा मिनिटं उशीर झाला, पण तो रस्त्याचा.
लॉटी अगदी माझ्या पाठीमागच्या सीटवर बसली. मग विचारलं, डोरीन कुठेय? मी म्हटलं, ती आता शाळेच्या बोर्डावर आहे, फार महत्त्वाचं काम असतं ते. ती म्हणाली, आणि तू आधी काय करायचास? मी म्हटलं, मी बोर्डावर होतो. अध्यक्ष.
मग पुढे वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, की मग तू काय केलंस म्हणून तुला इथे पाठवलं?