घरच्या माणसाची खोली

प्रिय अप्पा,

तुमच्या तेराव्याची पंगत उठल्यावर शेठ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सुधीर, उद्यापासून अप्पांच्या जागी ये. खोली राहू दे तुमच्याकडेच. तू काय, घरचाच." त्या एका शब्दाने माझं डोकंच फिरलं. म्हणून लिहितोय. तुमच्यासमोर बोललो असतो तर तुम्ही ताटावरून उठला असतात.

तुम्हालाही ते घरचाच म्हणायचे, नाही का? त्यांच्या आमरसाच्या कारखान्यात उमर काढलीत. दुपारचं जेवण फुकट, मागची ही खोली फुकट, मोसम सरताना आंब्याची पेटी फुकट. पेटीत डागी आंबे असायचे, अप्पा. तुम्ही डाग कापून फोडी आईपुढे ठेवायचात आणि वर विचारायचात, "गोडीला काही कमी आहे का?"

फोरमनची जागा रिकामी झाली तेव्हा गडी तुम्हाला आधीच फोरमन म्हणू लागले होते. गणपतीत शेठनी घरी बोलावलंन. इस्त्रीचा सदरा घालून गेलात, आणि आलात ते मोदकांचं कौतुक करत. शेठाणींनी स्वतः तूप वाढलंन म्हणे. जागा गेली शेठच्या भाच्याला. "बाहेरचा चिडला असता, तुम्ही समजून घ्याल," असं ते म्हणाले, आणि तुम्ही घेतलंत. पगारवाढीचं बोलणंही राहिलं. घरात कोणी पगार मागतं का?

मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा केवढे ओरडलात! तो आवाज एकदा तरी तिकडे का नाही लावलात?

नंदा तुम्हाला ठाऊक आहे, बाजारपेठेतल्या शिंप्याची. तिच्या वडिलांना जावयाकडे खोली हवी, बाकी काही विचारत नाहीत. परवा मांडवीच्या धक्क्यावर ती म्हणाली, "घे ना नोकरी. खोली आहे, जेवण आहे. आणखी काय हवंय तुला?"

"वर चढायला जागा."

"मेल्या, तू चढशील तोवर मी दुसऱ्याच्या घरात भाकऱ्या थापत असेन."

तिच्यासाठी होय म्हणायचं ठरवूनच काल सकाळी शेठकडे गेलो. एवढंच विचारलं, "पगार किती? आणि पुढे फोरमन होता येईल का?"

शेठ हसले. "अरे, आधी जेव तर." आणि आत ओरडून माझं पान मांडायला सांगितलंन.

मी जेवलो नाही, अप्पा.

मिरकरवाड्याच्या बंदरात लाँचची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे लागलोय. तिथे जेवण नाही, खोली नाही. हात बसला की इंजिन एकट्याच्या ताब्यात देईन आणि पगारही तसाच वाढवीन, असं त्याने आधीच सांगितलंन. आई गुहागरला मामाकडे गेली. जाताना म्हणाली, "तुझ्या बापाला हे जमलं नाही कधी." रागाने की कौतुकाने, कळलं नाही.

नंदाला जाऊन सांगितलं. ती शिवणाच्या मशीनवरून उठलीसुद्धा नाही. तिचा राग मला समजतो. पण तुम्ही आयुष्यभर रागावला नाहीत, ते अजून समजत नाही.

एक वचन देतो. जिथे काम करीन तिथे हक्काचं मागीन, आणि कोणी नाही म्हटलंन तर त्याचं कारणही विचारीन. तुमच्या वाटचंसुद्धा.

खोली रिकामी केली आहे. हे लिहून झालं की बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुमचा,
सुधीर