अंधारातली दहा मिनिटे

भिलाई, मंगळवार, संध्याकाळ

छातीच्या तपासणीआधी डोळे अंधाराला सरावावेत म्हणून एक्स-रेच्या खोलीत दिवा मालवून दहा मिनिटे बसावे लागते. मोठे डॉक्टर आणि मी, दोघेच. आठवडाभर त्या दहा मिनिटांत त्यांचा हात माझ्या पाठीवर येतो आहे. घरी सांगू? बाबा चरोद्याहून येतील आणि मला घेऊनच जातील. घरातली पहिली पदवी, ती मग पेटीत. पण गप्प राहून मीच चुकले का?

आज दवाखान्यातल्या आया सखूबाईंना आत बोलावले.

"कावून बाई, मशीन बिघडली का?"

"नाही. नुसतं बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "समजलं मले. बसतो."

मोठे डॉक्टर हसले. "डॉक्टर होऊन अंधाराला घाबरता?"

"अंधाराला नाही, सर. तुम्हाला."

मला नोकरीत कायम करायचे की नाही, ते त्यांच्याच सहीवर आहे. तरी उद्याही सखूबाई आत बसतील.

दहा मिनिटे सरल्यावर कामगार एकेक करून एक्स-रेच्या मंद उजळणाऱ्या पडद्यामागे उभे राहिले. एकाच्या फुप्फुसावर डाग होता. तो मोठ्या डॉक्टरांच्या आधी मला दिसला.