फादरांची भुवई आणि ग्रीक नामं

बालाघाट, मंगळवार, १२ मार्च १९६८

रिटायर झालेल्या बाईला ग्रीक झेपत नाही म्हणे! चर्चच्या गोऱ्या फादरांनी आज भुवई उंचावून बजावलं, "तीन लिंगं आहेत. मला दोन वर्षं लागली. चुकलात तर शिकवणी बंद."

नदी ग्रीकमध्ये पुल्लिंगी. वैनगंगेची मनात माफी मागितली आणि बरोबर सांगितलं. मग फादरांनी विचारलं, लहान मूल? ते पाठच नव्हतं केलं. तरी मी बेधडक म्हणाले, नपुंसकलिंगी. भुवई वरच अडकली!

"गुरुवारी या," एवढंच बोलले.

घरी पोळ्या लाटणाऱ्या गयाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लेकरू त 'ते'च असते ना, बाई! त्यात का शिकाचं हाये?"

फादरांना दोन वर्षं लागली म्हणे! आता गुरुवारी गयालाच नेते. बघू भुवई कुठवर जाते.